ओझर ते नाणेघाट : शेवटच्या माणसाची वाट

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी ओझर गाव वसले आहे. विघ्नेश्वराच्या देवळामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. शेजारी येडगाव धरणाचे पाणी, भोवती ऊस आणि टोमॅटोचे मळे. इथे येणारा प्रवासी बहुधा गाडीने येतो, देऊळ पाहतो आणि लेण्याद्रीकडे निघून जातो. पण हाच मुलूख पायी तुडवला तर वेगळा दिसतो.

ओझरहून लेण्याद्री सुमारे १५ किलोमीटर. तेथून जुन्नरमार्गे आपटाळे, चावंड, घाटघर करीत नाणेघाट गाठायचा तर आणखी तीसएक किलोमीटर. बेरीज मॅरेथॉनच्या, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरच्या आसपास जाते. मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. अशा शर्यती डोंगरदऱ्यांतून, रानवाटांनी, कधी रात्रभरही चालतात. आपल्या पुणे जिल्ह्यातच सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांना जोडणारी अशी शर्यत अलीकडच्या काळात सुरू झाली. तिचा सर्वांत मोठा पल्ला १०० किलोमीटरचा आहे.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, पोटासाठी दिवसभर पळणाऱ्या माणसाला हे आणखी पळणे कशाला? प्रश्न रास्त आहे. हमाली, बिगारी, धुणीभांडी करणाऱ्यांचे पाय संध्याकाळी मोकळे नसतात. तरीही या शर्यतींत एक गोष्ट अशी आहे, जी आपण समजून घ्यावी.

१९७४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात १०० मैलांची घोड्यांची शर्यत होती. गॉर्डी एन्स्ले हा गडी तिच्यात घोड्याशिवाय उतरला आणि २३ तास ४२ मिनिटांत पायी पोहोचला. त्यातूनच ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत उभी राहिली. तिथे ३० तासांची मुदत असते. पहिला येणारा केव्हाच पोहोचलेला असतो, तरी लोक घरी जात नाहीत. शेवटच्या तासात येणाऱ्यांसाठी मैदान भरते. पाय ओढत, लंगडत येणाऱ्या शेवटच्या माणसासाठी टाळ्यांचा कडकडाट होतो. वाटेत पाणी, मीठ, खाणे घेऊन उभ्या असणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या धावणाऱ्यांच्या कितीतरी पट असते. वाटेत कोणी कोसळला तर मागून येणारा आपली वेळ सोडून त्याच्याजवळ थांबतो. रानात दुसरे आहे तरी कोण?

पण ही बंधुता सर्वत्र पहिल्यापासून नव्हती, हेही सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांच्या दरम्यान ‘कॉम्रेड्स’ ही सुमारे ९० किलोमीटरची सडकेवरची शर्यत होते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. नाव कॉम्रेड्स, म्हणजे सोबती. पण काळ्या माणसाला आणि बाईला त्यात अधिकृत प्रवेश नव्हता. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावक परवानगीवाचून धावला आणि त्याने अंतर पुरे केले. त्याची नोंद झाली नाही, पदकही मिळाले नाही. दार उघडायला १९७५ साल उजाडले. पुढे १९८९ साली सॅम त्शाबालाला याने ती जिंकली. जिंकणारा तो पहिला काळा धावक. आणि २०१९ पासून ठरावीक वेळेत येणाऱ्यांना म्त्शालीच्या नावाचे पदक दिले जाते. ज्याला पदक नाकारले, त्याचेच नाव आता पदकावर आहे! रस्ता सर्वांचा आहे, हे बोलून भागत नाही. कोणीतरी त्यावर पाऊल टाकावे लागते, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको.

आता पुन्हा जुन्नरला येऊ. सातवाहन काळात कल्याणहून माल घेऊन तांडे नाणेघाट चढत आणि जुन्नरला येत. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांतही अशी टाकी जागोजागी दिसतात. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान. यात परदेशी आहे, व्यापारी आहे. उन्हातून चालून आलेला भिक्खू किंवा वाटसरू त्या टाक्यापाशी ओंजळ भरत असेल, तेव्हा पाणी कोणी दिले हे त्याला ठाऊकही नसेल. आजच्या शर्यतीत टेबल मांडून पाण्याचा पेला पुढे करणारा मुलगा त्याच कामाला उभा असतो. ज्या समाजाला पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याला न विचारता पुढे येणाऱ्या या पेल्याची किंमत कळते.

आपल्या वस्त्यांतील मुले पळतात, पण कशासाठी? पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पहाटे मैदानावर घाम गाळतात. यादीत नाव लागले नाही किंवा वय निघून गेले की पळणे सुटते, आणि अंगातली उमेदही. लांब पल्ल्याच्या पळण्याला मात्र गुणवत्ता यादी नाही. मुदतीत जो पोहोचला तो जिंकला. चाळिशीची बाईही इथे तरण्याला मागे टाकू शकते, कारण इथे वेगापेक्षा चिकाटी चालते. शर्यतीचे शुल्क आणि महागडे बूट आपल्या खिशाला परवडणारे नाहीत, हे खरे. पण सरावाला शुल्क लागत नाही.

म्हणून सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह पुण्याहून एस.टी.ने नारायणगावला या, तेथून ओझर गाठा. पहाटे निघून लेण्याद्रीपर्यंत चाला. चपलेपेक्षा साधे कापडी बूट बरे. शिदोरीला भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेचे पाणी आणि माणशी निदान दोन लिटर साधे पाणी ठेवा. उसाच्या या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा अंधारात चालू नका, मुलांना एकटे सोडू नका. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून चैत्यगृहात घटकाभर शांत बसा आणि दगडातली अक्षरे मुलांना दाखवा.

आणि चालताना एवढे लक्षात ठेवा. सर्वांत पुढे पळणाऱ्या मुलाला शाबासकी द्याच, पण सर्वांत मागे राहिलेल्या आजीसाठी थांबा. ती आल्याशिवाय शिदोरी सोडू नका.