चांदण्यातलं वादळ

आम्ही कोकणातली, खाडीकाठची माणसं. आमच्या मोहल्ल्यात असं घर विरळाच, ज्यातून कुणी दर्यावर गेलेलं नाही. आजोबांची पिढी आगबोटींवर गेली, अब्बांची पिढी आखाताच्या वाटेवरच्या जहाजांवर आणि आताची मुलं कंटेनर वाहणाऱ्या अवाढव्य जहाजांवर. तरीही समुद्राच्या भीतीचं आमच्या मनातलं चित्र एकच होतं. आषाढ, काळंभोर आभाळ, कोसळता पाऊस आणि खवळलेलं पाणी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्या दिवसाने हे चित्र आणखी गडद केलं. नारळी पौर्णिमा झाली, कोळ्यांच्या आणि दालद्यांच्या होड्या पाण्यात गेल्या की आमच्या बायकांचाही जीव भांड्यात पडायचा. थंडी आली म्हणजे दर्या निवळला, आता काळजी नाही, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं.

आमच्या किनाऱ्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. ‘मोसम’ हा शब्दच मुळी अरबीतल्या ‘मौसिम’वरून आला. दर्यावर्द्यांच्या लेखी मोसम म्हणजे नुसतं हवामान नव्हे, तर जहाज सोडण्याची ठरलेली वेळ. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद यांनी नौकानयनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात कुठल्या बंदरातून कधी निघावं याचा हिशेब आहे. हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची आणि वारा फिरला की नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतायची. फारसी ‘नाखुदा’चा आमचा नाखवा झाला, अरबी ‘मुअल्लिम’चा मालम झाला. त्यांचा मोसम आमच्या अंगवळणी पडला. पण तो या एका समुद्राचा मोसम होता. आमची मुलं आता सगळ्या समुद्रांवर जातात, हे आमच्या लक्षात यायला एक अपघात व्हावा लागला.

काही वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातला एक तरुण जहाजावर खलाशी होता. पनामाचा कालवा ओलांडून जहाज मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे निघालं होतं. रात्री डेकवरचा माल पुन्हा आवळून बांधायला माणसं बाहेर पडली. उजव्या अंगाने लाट आली आणि तिने त्याला उचलून लोखंडावर आपटलं. पाय दोन ठिकाणी मोडला. महिन्याभराने तो कुबड्या घेऊन घरी आला, तेव्हा त्याच्या आईने पहिलाच प्रश्न विचारला, “पाऊस लई होता का रे?”

तो म्हणाला, “पाऊस कुठला, अम्मी? लख्ख चांदणं होतं.”

आम्हाला ते खरंच वाटेना. पुढे नुकसानभरपाईचे कागद आले, तेव्हा तेच चांदणं त्याच्यावर उलटलं. अर्जावर हवामानाच्या रकान्यात कुणीतरी ‘निरभ्र’ एवढंच लिहिलं होतं. निरभ्र हवेत माणूस पडतो म्हणजे त्याचाच निष्काळजीपणा, असा अर्थ काढून कागद परत पाठवले गेले. मुलगा तर्कटी नव्हता. तो नुसता मान खाली घालून बसला. मग मोहल्ल्यातले निवृत्त सारंग, शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली, अशी आमची मंडळी नकाशा पसरून बसली.

नकाशात दिसलं ते असं. मेक्सिकोच्या दक्षिणेला तेवांतेपेकचं आखात आहे. त्याच्या काठचं सलिना क्रुझ बंदर आपल्या देवगड-मालवणच्याच अक्षांशावर येतं. म्हणजे तोही उष्ण कटिबंधच, माडांचा प्रदेश. पण तिथे जमीन अगदी चिंचोळी आहे. एका बाजूला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आणि मध्ये जेमतेम २०० किलोमीटरची पट्टी. तिच्यावर डोंगरांची रांग आहे आणि त्या रांगेत चिवेला नावाची खिंड आहे. आपल्याकडे उत्तरेची थंडी हिमालय अडवून धरतो. उत्तर अमेरिकेत अशी पूर्व-पश्चिम आडवी भिंत नाही. हिवाळ्यात तिकडची जड, थंड हवा सपाट मैदानांवरून घसरत थेट मेक्सिकोच्या आखातावर उतरते आणि डोंगरापाशी तुंबते. तिला वाट एकच, ती खिंड. धरणाचा दरवाजा उघडल्यावर पाणी सुटतं, तशी ती हवा पलीकडच्या समुद्रावर सुटते.

हा वारा समुद्रावरून येत नाही, जमिनीवरून येतो. म्हणून त्याच्यासोबत ढग नसतात. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल त्याचा काळ. ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या वर वारा गेला की दर्यावर्दी त्याला ‘गेल’ म्हणतात. तेवांतेपेकात असा वारा एका हिवाळ्यात साधारण डझनभर वेळा सुटतो आणि काही वेळा तो ४८ नॉटच्याही पुढे जातो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर त्याचा झोत पोहोचतो. त्याचा जोर रात्री आणि पहाटे अधिक असतो, हे वाचून आमचे सारंग हसले. म्हणाले, “अरे, मतलई!” आपल्याकडे दिवसा खारा वारा आणि रात्री जमिनीवरून मतलई वाहतो. तिथे त्या खिंडीतल्या वाऱ्याला रात्री मतलईची जोड मिळते. जानेवारीत, रात्री, लख्ख चांदण्यात आमच्या मुलाचा पाय का मोडला, ते आम्हाला तेव्हा उमगलं.

मग आम्ही जहाजाच्या लॉगबुकची नक्कल मागवली. पुष्कळ पत्रं लिहावी लागली, पण नक्कल आली. त्या रात्रीच्या नोंदीत आकाश निरभ्र होतं आणि त्याच ओळीत वारा उत्तरेचा, जोर ९, असंही होतं. जोर ९ म्हणजे ४१ ते ४७ नॉट. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अर्जावर त्यातली एकच उतरली होती. ती ओळ जोडून अर्ज पुन्हा गेला आणि काही महिन्यांनी पैसे मिळाले. पाय पूर्वीसारखा झाला नाही.

त्यानंतर आमच्याकडे या वाऱ्यांची चौकशी सुरू झाली. जुने खलाशी बोलू लागले. एकाने सांगितलं की तेवांतेपेकात लहान नावा किनाऱ्याला अगदी चिकटून जातात. वारा तिथेही तेवढाच असतो, पण लाटेला वाढायला पाण्याचं अंतर मिळत नाही. दुसऱ्याने दक्षिण चीन समुद्रातल्या ईशान्य मोसमी वाऱ्याच्या आठवणी काढल्या. आखातात राहिलेल्यांनी हिवाळी शमालचं सांगितलं. शमाल म्हणजे उत्तर. ते आखात बहुतेक कर्कवृत्ताच्या वर पडतं, पण आमची माणसं तिथेच जास्त. त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. कधी कधी शमाल तीन ते पाच दिवस हटत नाही. त्यात मोठं जहाज तग धरतं, लाकडी धावेवरचा खलाशी भाकरीही भाजू शकत नाही.

या गोष्टी त्यांनी आजवर घरी का सांगितल्या नाहीत? कारण पूर्वी पत्रात ‘सब खैरियत’ लिहायची रीत होती आणि आता फोनवर तीच चालू आहे. घरच्यांना काळजी नको म्हणून मुलं बोलत नाहीत, आणि पाऊस नाही म्हणून घरचे विचारत नाहीत. पण न सांगितल्याने काळजी टळते, धोका टळत नाही. उलट वेळ आली की घरच्यांना कुठला कागद मागायचा हेही ठाऊक नसतं.

माहिती मात्र आता दडलेली नाही. १९९९ साली सोडलेल्या क्विकस्कॅट उपग्रहाने दहा वर्षं समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग नित्य मोजला आणि तेवांतेपेकातले वारे किती जोराचे असतात ते नकाशावर आलं. त्याआधी सगळी भिस्त जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या नोंदींवर होती. भारताच्या ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) आणि ओशनसॅट-३ (२०२२) या उपग्रहांनीही हेच मोजमाप पुढे चालवलं. उष्ण कटिबंधातल्या पूर्व पॅसिफिकसाठी अमेरिकेतल्या मायामीच्या केंद्रातून रोज इशारे निघतात. जहाजावर ते पोहोचतात, आणि कुणालाही घरबसल्या वाचता येतात.

कॉलेजातल्या त्या दोन मुलींनी एका वहीत गल्लीतल्या कोणाचं जहाज कुठल्या पाण्यात आहे आणि तिथे कुठल्या महिन्यात कुठला वारा सुटतो, ते मराठीत लिहून ठेवलं आहे. बायका येऊन ती वही पाहतात. त्यांची चिंता त्याने वाढली, असं आम्हाला दिसलं नाही. फोन आला की आता त्या पावसाचं विचारत नाहीत. “वारा कुठला आहे? जोर किती?” असं विचारतात. पलीकडचा मुलगा आधी गोंधळतो, मग खरं काय ते सांगतो.