दर्या आणि दऱ्या

'दर्या' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. तो आला फारसीतून. फारसीत त्याचा अर्थ समुद्र, आणि मराठीनं तो तसाच ठेवला; दर्यावर्दी म्हणतो आपण. उर्दूत मात्र 'दरिया' म्हणजे नदी. 'दऱ्या' हा शब्द निराळाच, आपल्या मावळातला, दरीचं अनेकवचन. कागदावर दोन्ही शब्द लिहिले तर फरक लगेच दिसतो. 'दर्या'त र चढून य च्या डोक्यावर बसतो, 'दऱ्या'त तो आडवा होऊन य च्या आधी येतो. सहावीतलं मूलही हा फरक ओळखतं. फोनला तो ओळखायला लावणं हे मात्र कष्टाचं काम आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेतली उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांची मुलं एकत्र लोहगडाला जायची होती. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांत लोहगड आहे, आणि आमच्या कितीतरी मुलांनी तो फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलेला. मळवलीला उतरायचं, भाज्यावरून चढत लोहगडवाडीला जायचं, तिथं डबे खायचे आणि मग गड, असा बेत होता. आमच्या एका सहशिक्षकांनी पालकांसाठी दोन्ही भाषांत सूचना लिहिली आणि मेसेज केला. ते उर्दूचे शिक्षक, पण मराठीही चांगलं लिहितात.

सूचनेत त्यांना लिहायचं होतं : मुलांनी दऱ्यांच्या कडेला जाऊ नये. त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, फोननं त्याचं मराठी केलं, आणि मेसेज गेला तो 'दर्यांच्या कडेला' असा.

थोड्या वेळानं एका आईचा मला फोन आला. "टीचर, दर्या के पास ले जा रहे क्या बच्चों को? फिर मैं नहीं भेजती." लोहगडावरून खाली पवना धरणाचं पाणी दिसतं, हे तिला ठाऊक होतं. आणि 30 जून 2024 हा दिवस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्या रविवारी भुशी धरणामागच्या धबधब्यात, पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. त्यामुळे 'दर्या' वाचल्यावर तिच्या पोटात गोळा आला यात नवल नाही. मी तिला समजावलं, की बाई, पाणी खूप खाली राहतं, आपण तिकडे जाणारच नाही. तिची मुलगी आली. पण असाच मेसेज वाचून फोन न करता मुलीला घरी ठेवणाऱ्या आया असतात, आणि सहलीला कुठली मुलगी का आली नाही हे शाळेला कधी कळतही नाही.

दुसरा घोळ उर्दूच्या भागात होता. सरांनी तारीख टाकली होती 4-12, म्हणजे चार डिसेंबर. पाठवल्यावर ती दिसायला लागली 12-4. एका वडिलांनी विचारलं, 12 एप्रिलला तर परीक्षा जवळ आलेली असते, तेव्हा सहल कशी काय?

तारीख कुणी बदलली नव्हती. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे वाचतात. दोन्ही एका ओळीत आले की काय कुठे मांडायचं याचा एक ठरलेला नियम फोनमध्ये असतो. त्या नियमात उर्दू अक्षरांनंतर आलेले, मध्ये आडवी रेघ असलेले दोन आकडे हे दोन सुटे आकडे मानले जातात, आणि मग तेही उजवीकडून डावीकडे मांडले जातात. हीच तारीख तिरकी रेघ देऊन 4/12 अशी लिहिली तर जागची हलत नाही. नियम बरोबर पाळला गेला, तारीख मात्र चुकीची वाचली गेली.

आता दुरुस्ती करायची. आमच्या अ‍ॅपमध्ये पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंतच बदलता येतो. पहिला फोन आला तोवर ती वेळ गेली होती. बदलता आला असता तरी ज्यांनी तो पुढे आजीला, मावशीला पाठवला होता, त्यांच्याकडे जुनाच राहिला असता. सरांनी उत्तरादाखल दुरुस्तीचा मेसेज टाकला. तो बारा 'ओके' आणि सात अंगठ्यांच्या खाली गेला.

दुरुस्ती करणंही सोपं नाही. 'र्या'च्या मध्ये बोट ठेवता येत नाही, कारण कर्सर एक तर पूर्ण अक्षराच्या आधी उभा राहतो नाही तर नंतर. मागून पुसायला लागलो की आधी काना जातो, मग य, मग पाय मोडलेला र उरतो. ऱ्हस्व इकार दिसतो अक्षराच्या आधी, पण फोनच्या हिशेबी तो नंतर असतो, म्हणून पुसताना बघणारा गोंधळतो. उर्दूत नस्तालीक वळणाची अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर उतरत जातात, तिथं कर्सर नक्की कुठल्या अक्षरापाशी उभा आहे हे माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना कळत नाही.

पण यापेक्षा मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. एका पालकांनी हसरा चेहरा टाकून लिहिलं, "सर, मराठीचाही तास लावा." ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांनी गंमत केली. पण हीच चूक पाटील किंवा कुलकर्णी सरांच्या फोननं केली असती तर सगळे म्हणाले असते, टायपिंग मिस्टेक. शेख सरांच्या फोननं केली की ते 'यांचं मराठी' होतं. यंत्राची चूक माणसाच्या खात्यावर जाते, आणि आमच्या बाबतीत ती तिथून पुढे जमातीच्या खात्यावर जाते. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाला म्हणून जास्त सांभाळून लिहावं लागतं.

हे एकाच बाजूनं होत नाही. आमचे एक मराठीचे शिक्षक दर ईदला हौसेनं उर्दूत मुबारकबाद लिहितात. त्यांच्या फोनवर उर्दूचा कीबोर्ड नव्हता, अरबीचा होता. अरबीतला काफ आणि ये हे उर्दूच्या काफ-येपेक्षा फोनच्या लेखी वेगळे आहेत, वळणंही थोडी वेगळी दिसतात. तेव्हा हसणारे आमचेच लोक होते.

आता मी वर्गात यावर एक तास घेते. 'दऱ्या'तला र म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. बऱ्याच कीबोर्डांवर र दाबून धरला की तो मिळतो, संगणकाच्या इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे. ऱ, मग पाय मोडायचा, मग य. युनिकोडच्या हिशेबात ऱ म्हणजे र अधिक नुक्ता. उर्दूची मुलं हे ऐकून खूश होतात, कारण नुक्त्याची किंमत त्यांना पहिलीपासून माहीत असते. 'खुदा' आणि 'जुदा' उर्दूत सारखेच लिहितात, फरक फक्त नुक्ता वर आहे की खाली एवढाच. मराठीतल्या दरीला दर्यापासून वेगळं ठेवायलाही एक नुक्ताच लागतो, हे कळल्यावर ती ऱ विसरत नाहीत.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. उर्दू आणि मराठी एकाच मेसेजात कालवू नका, दोन वेगळे मेसेज करा. तारखेत महिन्याचं नाव लिहा. 10-12 न लिहिता 'दहा ते बारा' लिहा. सूचना महत्त्वाची असेल तर पाठवण्याआधी घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्या. दुरुस्ती करायची झाली तर उत्तरात एक शब्द न टाकता पूर्ण सूचना पुन्हा पाठवा आणि वर 'आधीची सूचना रद्द' असं लिहा.

आणि कुणाच्या मेसेजात 'दर्या' दिसला, तर हसायच्या आधी त्या आईसारखा एक फोन करा.