सीमीची प्रदक्षिणा

चाळीस फुटी बोटीवर एखाद्याला तोंड चुकवणे किती अवघड असते, हे मला ग्रीसच्या समुद्रात कळले. पुण्यात ते सोपे होते. बापू सदाशिव पेठेत दिसला की मी नारायण पेठेत वळत असे. चार वर्षे हा क्रम बिनबोभाट चालला होता.

भांडण पैशाचे. आईच्या आजारपणात बापूने मला पन्नास हजार रुपये दिले. फेडायला मी फार उशीर केला, आणि एके दिवशी त्याने पाहुण्यांसमोर आठवण करून दिली. दुसऱ्याच दिवशी मी पैसे पोचते केले आणि बोलणे बंद केले. लंडनला राहणाऱ्या आमच्या मित्राने आम्हां दोघांना सहलीला वेगवेगळे बोलावले. बापूही येणार, हे मला ऱ्होड्सच्या धक्क्यावर समजले!

सीमी हे ऱ्होड्सच्या वायव्येचे छोटेसे, खडकाळ बेट. समोरच तुर्कस्तानचे डोंगर. बंदरात शिरताच दोन्ही उतारांवर पिवळी, गेरूच्या रंगाची, त्रिकोणी कपाळाची घरे एकावर एक रचलेली दिसतात. हे वैभव स्पंजाचे आणि जहाजबांधणीचे. इथले पाणबुडे पूर्वी दहा-बारा किलोचा चपटा दगड हातात धरून तळाशी जात. दोराचे दुसरे टोक बोटीवरच्या सोबत्याच्या हाती. पुढे एकोणिसाव्या शतकात पाणबुड्याचा पोशाख आला. माणूस खोल जाऊन अधिक वेळ राहू लागला, आणि घाईने वर येताना कित्येक मेले, कित्येक पांगळे झाले. सीमीच्याच पाणबुड्यांना १९०० साली अँटिकिथेरा बेटाजवळ प्राचीन जहाजाचे अवशेष सापडले. त्यांतले ग्रहगणिताचे दातेरी यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. १९४५च्या मे महिन्यात या बेटांवरच्या जर्मन सैन्याने शरणागती लिहून दिली तीही सीमीतच; १९४८मध्ये ही बेटे रीतसर ग्रीसची झाली.

पूर्व किनारा आम्ही रमतगमत केला. सेंट जॉर्जच्या खाडीत सरळसोट कडा थेट पाण्यातून उठतो. त्याच्या सावलीत नांगर टाकून जेवलो. "बापूला मीठ द्यायला सांग," हे मी लंडनवाल्याला सांगायचे आणि बापूने मीठ त्याच्याच हाती द्यायचे, अशी व्यवस्था होती.

पुढच्या खाडीचे नाव माराथुंदा. माझा मराठी ऊर भरून आला! पण ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप. मॅरेथॉनचे नावही तिच्यावरूनच. किनाऱ्यावर मराठे नव्हते, शेळ्या होत्या. रात्री पानोर्मितीसच्या मठासमोर थांबलो. तिथला देवदूत मिखाएल हा खलाशांचा पाठीराखा. लोकांनी समुद्रात सोडलेल्या नवसाच्या बाटल्या वाहत त्याच्या दारी येतात, अशी श्रद्धा आहे. मठाच्या संग्रहात त्या मांडून ठेवल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेची बाजू लागली आणि गंमत संपली. उन्हाळ्यात इथे उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो. त्याच्या तोंडावर नागमोडी जायचे म्हणजे शीड सारखे या बाजूचे त्या बाजूला घ्यावे लागते. एकाने दोर सोडायचा, त्याच क्षणी दुसऱ्याने पलीकडचा ओढायचा. कप्तानाने एक दोर माझ्या हाती दिला, दुसरा बापूच्या. लंडनवाला आत उलट्या करीत होता, त्यामुळे दुभाषाही उरला नाही.

बोट कलली. मी घाबरून दोर घट्ट आवळून धरला.

"सोड!" बापू ओरडला. "अरे सोड ना!"

चार वर्षांनंतरचा त्याचा पहिला शब्द. मी सोडला. त्याने ओढला. मग पुढल्या वळणाला मी ओरडलो आणि त्याने सोडला. असे दुपारपर्यंत चालले. मराठी शिकवणारा माणूस मी. पण त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे, हे मला संध्याकाळी धक्क्यावर हाताचे फोड पाहताना सुचले.

बापू शेजारी येऊन बसला. "पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं मी."

"पैसे मी परत दिले, बापू," मी म्हटले, "पण आई त्या आजारातून उठली ती तुझ्यामुळे, हे कधी बोललोच नाही."

तो काही बोलला नाही. समोरच्या उतारावर एकेक दिवा लागत होता. थोड्या वेळाने उठून त्याने दुकानातून दोन स्पंज आणले आणि एक माझ्या हातात ठेवला.

तो स्पंज आज आमच्या न्हाणीघरात आहे. त्याचे पैसे बापूला अजून द्यायचे आहेत. तो आठवण करून देतो, पाहुण्यांसमोरच!