तळघरात की वर?

भयपट म्हटला की आमच्या घरात अजूनही नाक मुरडतात. भुताखेतांत काय बघायचे, असा सूर. तरीही या अंकासाठी आवडत्या चित्रपटावर लिहायचे ठरले तेव्हा मी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ निवडला. १९६८ सालचा, कृष्णधवल, आणि मेलेली माणसे उठून जिवंतांना खातात अशा कथेचा! लहान वर्गांतील मुलांनी तो पाहू नये, हे आधीच सांगून ठेवते.

जॉर्ज रोमेरो आणि त्याचे मित्र अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट करीत. आपसांत आणि ओळखीपाळखीतून पैसे जमवून त्यांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये हा चित्रपट उभा केला. हॉलिवूडच्या मानाने किरकोळच रक्कम. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले. कृष्णधवलमध्ये कोणाला कळते? कार्ल हार्डमन आणि मेरिलिन ईस्टमन यांनी भूमिका केल्या आणि रंगभूषाही सांभाळली. आपल्या गॅदरिंगमध्ये सर पेटी वाजवतात आणि पडदाही ओढतात, तसाच मामला.

पुढे एक गंमत झाली. गंमत आपल्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे चित्रपटावर हक्काची ओळ छापलेली असावी लागे. वितरकाने नाव बदलून नवी पाटी लावली आणि त्यात ती ओळ राहून गेली. मग कोणीही यावे आणि चित्रपट दाखवावा! करणाऱ्यांचे नुकसान झाले, पण चित्रपट घरोघर पोचला.

त्याआधीच्या चित्रपटांत झोंबी म्हणजे हैतीच्या दंतकथांतला, मांत्रिकाच्या ताब्यातला गुलाम. रोमेरोच्या चित्रपटात मांत्रिक नाही, आणि ‘झोंबी’ हा शब्दही कोणी उच्चारत नाही. पण संथ चालणारी मढी, चावा घेतला की तोही माणूस दगावून उठतो, डोक्यावर घाव घातला तरच ती थांबतात, हे नियम इथूनच रूढ झाले. २०१३ चा हिंदी ‘गो गोवा गॉन’ आणि २०२२ चा मराठी ‘झोंबिवली’ ही याच झाडाची फळे.

मला मात्र मढ्यांपेक्षा घरातले भांडण जास्त लागले. एका शेतघरात सात जण अडकले आहेत. हॅरी म्हणतो, तळघरात शिरून दार लावू. बेन म्हणतो, तळघराला दुसरी वाट नाही, वरच खिडक्यांना फळ्या ठोकू. दोघांचेही काही चुकत नाही, पण कोणी ऐकून घ्यायला तयार नाही. बाहेरच्यांना काही घाई नाही.

हा चित्रपट मी २०२० च्या टाळेबंदीत पाहिला. इंदूरला आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडे. मोठ्या काकांचे म्हणणे, फाटकाला कुलूप घाला, दूधवालाही नको. धाकट्या काकांचे म्हणणे, आजीची औषधे कोण आणणार? चार दिवस दोघे भाऊ बोलले नाहीत. पाचव्या रात्री मी लॅपटॉप ओसरीवर ठेवला आणि हळूहळू सगळेच येऊन बसले. फळ्या ठोकण्याच्या प्रसंगाला दोघांनीही एकमेकांकडे बघायचे टाळले.

बेन कृष्णवर्णीय आहे. ड्वेन जोन्सने ती भूमिका केली. चाचणीत तोच सर्वांत चांगला वाटला म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. संहितेत वर्णाचा उल्लेख नव्हता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ऑक्टोबरमध्ये चित्रपट लागला. लोकांनी तो कोणत्या मनाने पाहिला असेल? घर पडते, बाकी सगळे मरतात, आणि बेन शेवटी त्याच तळघरात शिरून वाचतो. सकाळी माणसांचे आवाज ऐकून वर येतो, खिडकीशी उभा राहतो. बंदुका घेऊन मढी मारत निघालेली टोळी त्यालाही मढे समजून गोळी घालते. मग वर्तमानपत्रात छापतात तशी स्थिरचित्रे येतात: आकड्यांनी ओढलेले प्रेत, लाकडांचा ढीग, आग.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मोठे काका म्हणाले, “बघ, तळघरच बरोबर होते.”

“असेल, दादा,” धाकटे काका म्हणाले, “पण त्याला मारला तो तर सोडवायला आलेल्यांनी.”

त्यावर पुन्हा वाद सुरू झाला, आणि तो मध्यरात्रीपर्यंत चालला.