हेगला निघण्याआधी

माझ्या कपाटात एक आमंत्रणपत्र अजून जपून ठेवलेले आहे. नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय कायद्याची तीन दिवसांची परिषद होती आणि तिथे माझा निबंध स्वीकारला गेला होता. मी चिपळूणच्या कोर्टात वकिली करते. अशा कामासाठी परदेशी जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच ठरले असते. पण मी गेले नाही. पत्र एप्रिलमध्ये आले, परिषद जूनच्या सुरुवातीला होती. मी निबंधावरच हात फिरवत बसले. व्हिसाचे मेमध्ये बघू, असे म्हटले. मेमध्ये पाहिले तर अर्ज देण्यासाठी जवळची तारीखच शिल्लक नव्हती. पासपोर्ट हाती आला तेव्हा परिषद संपून दोन दिवस झाले होते.

अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, अभ्यास केलास, तयारी केली नाहीस."

दोन वर्षांनी पुन्हा संधी आली आणि अल्लाहच्या कृपेने या वेळी मी जाऊन आले. आज आपल्या घरातली कितीतरी मुले-मुली कायदा शिकत आहेत. हुशारी कमी पडली म्हणून संधी गेली तर तो नशिबाचा भाग. माहिती नव्हती म्हणून गेली, तर ती आपली चूक. तशी चूक आणखी कोणाकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

हेगच का?

आपल्या कोकणातल्या अनेक घरांत एक कागद असतो. आखातात किंवा युरोपात जाताना लग्नाच्या दाखल्यावर किंवा पदवीवर 'अपोस्टिल' नावाचा शिक्का घ्यावा लागतो. ही पद्धत १९६१ च्या हेग करारातून आली. भारत त्यात २००५ साली सामील झाला. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबियाही आता त्या करारात आहेत. म्हणजे हेगचे नाव माहीत नसले तरी हेगचा कायदा आपल्या ट्रंकेत पोहोचलेला आहे.

माझ्या निबंधाचा विषयही घरातलाच होता. परदेशात राहणाऱ्या जोडप्याचा तलाक झाला आणि आई मुलाला घेऊन माहेरी आली, तर ताबा कोणाकडे? यासाठी १९८० चा एक हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. अशी प्रकरणे घेऊन येणाऱ्या माउल्या माझ्या टेबलासमोर बसलेल्या आहेत. त्यांची बाजू तिथे मांडावी, एवढीच माझी इच्छा होती.

तारखा उलट्या मोजा

नेदरलँड्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत होतो, पण जास्त चौकशी झाली तर पंचेचाळीस दिवसही लागू शकतात. त्यातच एप्रिल ते जून हा सुट्यांचा हंगाम. म्हणून परिषदेच्या तारखेपासून मागे मोजत या. तीन महिने आधी अर्ज हातावेगळा झालेला असावा आणि त्याच्याही महिनाभर आधी कागद जमलेले असावेत. निबंध विमानातही सुधारता येतो, व्हिसा नाही.

प्रौढांसाठी व्हिसाची फी ९० युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला गेला तरी फी परत मिळत नाही. म्हणून आधी तिकिटाचे फक्त आरक्षण दाखवा. पूर्ण पैसे भरलेले तिकीट व्हिसा मिळाल्यावर घ्या.

कागदांची फाईल

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. सोबत आयोजकांचे आमंत्रणपत्र, राहण्याचे आरक्षण, बँकेचे उतारे, आयकर विवरण आणि आपण परत येणार याची खूण पटवणारे कागद ठेवा. मी वकिलीची सनद आणि चालू खटल्यांच्या पुढच्या तारखा जोडल्या होत्या. विद्यार्थ्यांनी कॉलेजचे पत्र घ्यावे. खर्च वडील किंवा पती करणार असतील तर त्यांचे पत्र आणि त्यांचे बँक उतारे जोडावेत.

बहिणींना दोन गोष्टी मुद्दाम सांगते. लग्नानंतर आपली नावे बदलतात. सनदेवर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आणि आमंत्रणपत्रावर आपण ईमेलमध्ये लिहितो ते तिसरेच. आयोजकांना पहिल्याच दिवशी पासपोर्टवरचे नाव अक्षरशः तसेच कळवा. दुसरी गोष्ट फोटोची. धार्मिक कारणासाठी डोक्यावर स्कार्फ चालतो, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

राहायचे कुठे?

मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला थेट विमान आहे. स्खिपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून हेग साधारण अर्ध्या-पाऊण तासावर. आता शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंदणी करण्याची नवी पद्धत आली आहे. रांगेत वेळ जाऊ शकतो, म्हणून परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी पोहोचाल असे पाहा.

परिषदेच्या दिवसांत हेगमधली हॉटेले महाग होतात. मी शेजारच्या डेल्फ्ट गावात राहिले. डेल्फ्टहून निघणारी १ नंबरची ट्राम हेगमधून, शांती महालावरून, थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या स्खेव्हनिंगेनपर्यंत जाते. एकच ट्राम, बदलायची भानगड नाही. शिवाय डेल्फ्ट हे ह्यूगो ग्रोशियसचे जन्मगाव. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते. समुद्र कोणा एका देशाच्या मालकीचा नाही, हे त्याने १६०९ साली मांडले, आणि वाद होता तो पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडच्या समुद्रावर सांगितलेल्या हक्काचा. पुढे त्याच डचांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. डेल्फ्टच्या चौकात त्याचा पुतळा आहे आणि समोरच्या चर्चमध्ये त्याची कबर.

अम्मीला काळजी होती ती मी एकटी जाणार याची. तिला मी तीन गोष्टी लिहून दिल्या: हॉटेलचा पत्ता, तिथला तातडीचा क्रमांक ११२, आणि भारताचा दूतावास हेगमध्येच आहे ही माहिती. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, हे ऐकून तिला जास्त धीर आला.

पैसे, ट्राम आणि वारा

तिथे ट्राम, बस, रेल्वे सगळीकडे बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून चढता येते. उतरतानाही टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. आपली कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशी वापर आणि टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून घरूनच चालू करा. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड न्या. थोडे युरो जवळ असावेत, पण काही दुकाने रोख घेतच नाहीत.

छत्रीवर विसंबू नका. समुद्राचा वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट न्या, जूनमध्येही. लाल रंगाचा रस्ता सायकलींचा असतो, त्यावर उभे राहू नका. मी पहिल्याच दिवशी उभी राहिले आणि चार घंट्या एकदम वाजल्या.

नमाज आणि जेवण

जूनमध्ये हेगला सूर्य पहाटे साडेपाचच्या आत उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो. मगरिब दहाला, इशा त्याहून पुढे, आणि फज्र लगेच दारात. या दिवसांत तिथे पूर्ण अंधार पडतच नाही, त्यामुळे इशा आणि फज्रच्या वेळा मस्जिदीगणिक वेगळ्या असतात. निघण्याआधीच एक वेळापत्रक ठरवून घ्या आणि दुपारी पाऊण तास पडण्याची सोय ठेवा. आम्ही कोकणी शाफई. प्रवासात कसर करण्याची आणि जोहर-असर एकत्र अदा करण्याची सवलत आहे. किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत ती चालते, हे आपल्या मस्लकाच्या आलिमांना विचारून जा. परिषदेत शांत खोली हवी, असे मी महिनाभर आधी ईमेलने कळवले होते. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, "खोली ठेवली आहे." मागितले नसते तर कोणी आपणहून दिली नसती.

शहराच्या मध्यात वागेनस्ट्राट नावाच्या रस्त्यावर तुर्की लोकांची अक्सा मस्जिद आहे. ही वास्तू पूर्वी यहुदी लोकांचे प्रार्थनास्थळ होती.

जेवणाची चिंता करू नका, पण नोंदणीच्या अर्जात 'हलाल' लिहा. ते जमणार नसेल तर शाकाहारी मागा. डच भाषेत डुकराच्या मांसाला 'फार्कन्सफ्लेस' म्हणतात. लेबलवर 'फार्कन्स' किंवा 'स्पेक' दिसले तर वस्तू खाली ठेवा. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असते, तेही पाहा. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

हेगमध्ये सुरिनामहून आलेले हिंदुस्तानी लोक मोठ्या संख्येने राहतात. १८७३ पासून त्यांचे पूर्वज बिहार आणि उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून सुरिनामला नेले गेले होते. त्यांच्या दुकानांत रोटी आणि बटाट्याची भाजी मिळते. हलाल आहे का ते मात्र विचारावे, कारण सगळीच दुकाने तशी नसतात. एका दुकानातल्या आजीबाईंची भाषा भोजपुरीच्या वळणाची, माझी उर्दू चिपळूणची. तरी "घरी कोण कोण आहे" इथपर्यंत बोलणे पोहोचले. रोटीबरोबर त्यांनी हिरवी मिरची जास्तीची वाढली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

एक सकाळ मोकळी ठेवा

शांती महाल १९१३ साली उघडला. आंतरराष्ट्रीय न्यायालय तिथेच बसते. कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल २०१९ साली याच वास्तूत वाचला गेला. त्याच वर्षी गांबिया या आफ्रिकेतल्या लहानशा देशाने रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध इथेच दावा दाखल केला. फाटकाजवळचे माहिती केंद्र पाहता येते. आतली फेरी मात्र ठरावीक दिवशीच असते, तिची नोंदणी आधी करावी लागते. सुनावणी असेल तर सामान्य माणसालाही बसता येते. त्यासाठी न्यायालयाच्या संकेतस्थळावर तारखा पाहा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

माझा निबंध दुसऱ्या दिवशी दुपारी झाला. पंधरा मिनिटे मिळाली. नंतर एका वयस्क बाईंनी विचारले, "त्या मुलांचे पुढे काय होते?" मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या माउल्यांबद्दल, नावे न घेता, सांगितले. खोली शांत झाली. हे सांगायला कोणीतरी तिथे असायला हवे होते, आणि दोन वर्षांपूर्वी ती जागा माझ्या आळसाने रिकामी राहिली होती.

परत आल्यावर अब्बांनी दोन्ही आमंत्रणपत्रे एकाच फाईलला लावली. तुमच्या घरात असे पत्र आले तर पेढे जरूर वाटा. पण त्याच संध्याकाळी कॅलेंडर काढा, परिषदेच्या तारखेवर खूण करा आणि तिथून मागे मोजायला लागा. बाकी दुआ आहेच.