मागच्या अंगणातला ट्रक

वसतिगृहाच्या मागे, चिंचेच्या झाडाखाली उभा असलेला जुना ट्रक ज्याला आठवत नाही, असा आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी विरळाच. कुणी त्याच्या हौद्यात बसून पाढे पाठ केले, कुणी त्याच्या केबिनमध्ये लपून प्रार्थनेची वेळ चुकवली. १९७२ च्या दुष्काळात आम्ही पाचवीत दाखल झालो, तेव्हा हा ट्रक चालता होता. मिलो नावाच्या त्या लाल ज्वारीची पोती घेऊन तो संध्याकाळी फाटकातून आत येई आणि आम्ही मुले फाळका उघडण्यासाठी धावत असू. त्याचा चालक बारीक अंगाचा, डोळे किलकिले करून पाहणारा एक अबोल गृहस्थ होता. आम्ही त्याला ड्रायव्हरबाबा म्हणत असू. पोती उतरली की तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून एक भाकरी खाई आणि पुन्हा मुंबई-आग्रा रस्त्याला लागे.

पुढे काही वर्षांनी ट्रक शाळेतच राहिला आणि ड्रायव्हरबाबा दिसेनासे झाले. असे का झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. ते वय विचारण्याचे नव्हते, असे आज म्हणता येईल. परंतु नंतरच्या पन्नास वर्षांतही आम्ही ते विचारले नाही, हेही तितकेच खरे.

यंदा ग्रंथालयाच्या नव्या खोलीसाठी ती जागा मोकळी करायचे ठरले. ट्रक मोडीत काढायचा तर त्याची नोंदणी रद्द व्हायला हवी, आणि त्यासाठी चेसिसचा क्रमांक हवा. कागदपत्रे शाळेत नव्हती. दानाच्या जुन्या नोंदवहीत एवढीच ओळ सापडली : ‘मालमोटार एक, चालू स्थितीत.’ देणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा होता. समितीने हे काम आमच्या तुकडीकडे सोपवले. आमच्यातील दोघांचे आयुष्य द्वारका परिसरातील गॅरेजांत गेलेले आणि एक जण परिवहन खात्यातून निवृत्त झालेला. त्यामुळे निवड योग्यच होती.

जुन्या ट्रकचा क्रमांक शोधणे वाटते तितके सोपे नसते. पहिली अडचण अशी, की गाडीवर क्रमांक अनेक असतात आणि त्यांतला ओळख पटवणारा एकच असतो. पाटीवरचा नोंदणी क्रमांक हा कार्यालयाने दिलेला असतो. गाडी दुसऱ्या राज्यात गेली, की तो बदलतो. मुंबई राज्याच्या काळातील पाट्या ‘बी’ अक्षराने सुरू होत, १९६० नंतर महाराष्ट्राच्या पाट्या ‘एम’ने सुरू होऊ लागल्या, आणि आज नाशिकची ओळख असलेले ‘एमएच १५’ हे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरचे. आमच्या ट्रकची पाटी गंजून तिची चाळण झाली होती. बॉनेटवरचे आकडे हाही क्रमांक नव्हे. टाटांच्या ‘१२१०’ या नावातील बारा म्हणजे साधारण बारा टन एकूण वजन आणि दहा म्हणजे शंभराच्या घरातील अश्वशक्ती. तो गाडीचा प्रकार झाला, व्यक्ती नव्हे. तशा गाड्या हजारोंनी रस्त्यावर होत्या.

नाकावरच्या चिन्हावरून काळ ठरवू, असे एकाने सुचवले. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ पर्यंतच्या गाड्यांवर तीन टोकांचा तारा असे. त्यानंतर त्या जागी ‘टी’ अक्षर आले. आमच्या ट्रकच्या जाळीवर ताऱ्याचे गोल कडे शिल्लक होते. म्हणजे गाडी १९६९ च्या आधीची, असे आम्ही आनंदाने म्हटले. त्यावर आमच्या गॅरेजवाल्या मित्राने शांतपणे सांगितले, ‘‘जाळी मीच एका दिवसात चार गाड्यांची बदललेली आहे. चिन्हावर जाऊ नका.’’

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरच्या सपाट जागी सापडला. तेल आणि धूळ यांच्या थराने तो चांगला टिकला होता. परंतु ट्रकचे आयुष्य मोठे असते आणि इंजिनाचे त्यामानाने लहान. एका ट्रकमध्ये दुसऱ्याचे इंजिन बसवणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट. म्हणून शेवटी प्रश्न उरतो तो चेसिसचा. केबिन बदलते, हौदा नवा बांधला जातो, इंजिन बदलते. पण ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर सारे उभे असते, त्या सहसा बदलत नाहीत. त्यांतल्या एकीवर ठोकलेला क्रमांक हीच गाडीची खरी ओळख.

केबिनमधली रिव्हिटने ठोकलेली पट्टी केव्हाच नाहीशी झाली होती. आम्ही उजव्या बाजूच्या तुळईवर, पुढच्या चाकाच्या मागे शोध घेतला. तिथे रंगाचे चार थर आणि त्यावर चिखल होता. येथे एक सूचना करावीशी वाटते, कारण अनेक घरांत जुन्या गाड्या आहेत. अशा ठिकाणी कानस किंवा ग्राइंडर कधीही लावू नये. गंजाबरोबर अंकही निघून जातात आणि मग क्रमांकात खाडाखोड केल्याचा संशय येतो तो वेगळाच. आम्ही दोन दिवस रॉकेल लावून ठेवले, मऊ तारेच्या ब्रशाने हलक्या हाताने घासले आणि मग खडूची भुकटी चोळली. भुकटी खोलगट रेघांत बसते आणि अंक पांढरे उमटतात. विजेरी समोरून न धरता बाजूने, तिरपी धरावी. सावली पडली की बोटाला न लागणारी रेघही डोळ्याला दिसते.

शेवटी त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. नोंदणीच्या कामात परिवहन कार्यालये हीच पेन्सिल छाप मागत आली आहेत. एकेक अंक कागदावर उगवू लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. आठवीत असताना गुरुजींनी आम्हाला त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत नेले होते. शिलालेखाचा ठसा कसा घेतात, हे त्यांनी तिथे समजावून दिले होते : ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशाने ठोकून अक्षरांच्या खाचांत दाबायचा, वरून शाई लावायची. राजांचे लेख दाखवून झाल्यावर ते आम्हाला चैत्यगृहाच्या दाराशी घेऊन गेले. तिथल्या लेखात धंभिक नावाच्या एका गावाने दिलेल्या दानाची नोंद आहे. गुरुजी म्हणाले होते, ‘‘नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, हे तुम्ही परीक्षेसाठी लक्षात ठेवालच. पण या गावाने काय दिले असेल, ते कसे जमवले असेल, याचाही विचार करा.’’ तेव्हा आम्ही तो केला नव्हता.

छाप तर मिळाली. पण ती कशाशी ताडून पाहायची? तो प्रश्न स्मरणिकेच्या आवाहनानेच सोडवला. जुनी छायाचित्रे पाठवा, असे आम्ही कळवले होते. एका चित्रात हा ट्रक होता आणि ते चित्र हातोहात फिरत इगतपुरीला पोचले. तिथून एके सकाळी सत्तरीच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन शाळेत आल्या. त्या ड्रायव्हरबाबांच्या कन्या. आम्ही त्यांना ताई म्हणू लागलो. पिशवीत एक आर.सी. बुक होते, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, वाहन क्रमांकाच्या जागी पाण्याचा डाग.

त्यांनी सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी. वडिलांची स्वतःची गाडी होती. एके दिवशी ते पायी घरी आले आणि म्हणाले, ‘‘गाडी गेली.’’ त्यापुढे एक शब्द नाही. नातेवाइकांनी आपापल्या परीने अर्थ लावला : गाडी विकली आणि पैसे दारूत घातले. आईने ते खरे मानले. पुढची वर्षे ओढाताणीची गेली. ताईंचे शिक्षण सातवीवर थांबले. वडील वारले तेव्हाही हा डाग धुतला गेला नव्हता. ‘‘मला गाडी नको, पैसे नकोत,’’ ताई म्हणाल्या, ‘‘ही तीच आहे का, तेवढं सांगा.’’

आम्ही बुक उघडले. इंजिनाचा क्रमांक जुळला नाही. क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग निवृत्त मित्राने मागची पाने उलगडली; इंजिन बदलल्याची नोंद, शिक्क्यासह, तिथे होती आणि तो नवा क्रमांक आमच्या इंजिनाचाच होता. चेसिसचे अंक शाईने लिहिलेले, फिकट. एकेक वाचत गेलो. शेवटून दुसऱ्या अंकाशी अडलो : बुकात तो इंग्रजी आठ होता, आमच्या छापेत मात्र तीन दिसत होता. आम्ही पुन्हा तुळईपाशी गेलो. ताईही आल्या. गंजाचा एक पापुद्रा अंकाच्या डाव्या बाजूला धरून होता. तो रॉकेलच्या बोळ्याने सुटला. पुन्हा कागद, पुन्हा पेन्सिल. आठ उमटला.

ताईंनी तुळईवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहिला. आम्हाला वाटले, त्यांना समाधान झाले असेल. त्या म्हणाल्या, ‘‘मग घरी का नाही सांगितलं त्यांनी?’’

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. जुन्या स्वयंपाकीणबाई अजून आहेत. त्यांना एवढे आठवले, की बाबांना रात्री समोरच्या गाडीचे दिवे नीट दिसेनासे झाले होते, आणि ‘पोरांच्या धान्याला होईल’ म्हणून किल्ली त्यांनी ओट्यावर ठेवली. नाव लिहू नका, असेही सांगितले. म्हणजे दान खरे होते. पण त्या दानाची किंमत ज्या घराने मोजली, त्या घराला ते दान होते हे कळलेच नाही, हेही खरे होते. आम्ही त्या धान्यावर वाढलो आणि ताईंची शाळा सुटली. दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत बसवायच्या कशा, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. गुरुजींनी धंभिक गावाविषयी विचारलेला प्रश्न बहुधा हाच होता.

नियमाप्रमाणे क्रमांक असलेला चेसिसचा तुकडा कापून कार्यालयात जमा झाला आणि उरलेला ट्रक गेला. तो तुकडा ठेवून घ्यावा, असे आम्हाला फार वाटले; पण ज्या क्रमांकाने खरे सांगितले, त्याच्याबाबत खोटेपणा करणे योग्य नव्हते. कापण्यापूर्वी आम्ही तीन छापा घेतल्या. एक ताईंकडे आहे. दुसरी दानाच्या नोंदवहीत त्या ओळीसमोर चिकटवली आणि कोऱ्या रकान्यात, ताईंच्या संमतीने, वडिलांचे आणि त्याखाली आईचे नाव लिहिले. हा ताईंचाच आग्रह होता. तिसरी छाप नव्या ग्रंथालयात लागेल.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकच विनंती. आपल्या घरांतील पेट्यांत, माळ्यांवर अशी बुके, पावत्या, परवाने पडून असतील. ते रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत, आणि घरात कुणी वृद्ध माणूस असेल तर कागदाआधी त्यांना विचारावे. आम्हाला विचारायला पन्नास वर्षे लागली आणि तोवर सांगणारा माणूस राहिला नव्हता.

ताईंची नात पुढील जूनमध्ये आपल्या शाळेत पाचवीत येत आहे.