पुराची बातमी आणि मुलांचा मोबाइल

काशीच्या ब्रह्मघाट आणि दुर्गाघाट परिसरातील अरुंद गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या वास्तव्य करून असलेल्या मराठी कुटुंबांतील काही विद्यार्थी सायंकाळी माझ्याकडे गणित आणि संस्कृत शिकण्यासाठी येतात, आणि त्यांच्या पालकांनी अलीकडे माझ्यापुढे मांडलेल्या बहुतेक कैफियती मोबाइलविषयीच्या असतात. “काका, तुम्हीच तो काढून घ्या, तुमचे तरी ऐकेल,” हे त्यांचे नेहमीचे मागणे. ते मी कधी मान्य केले नाही. कारण 2020 सालच्या टाळेबंदीपासून शाळेचा गृहपाठ आणि परीक्षेचे वेळापत्रक ज्या यंत्रावर येते, ते जप्त करण्याचे फर्मान काढणे म्हणजे मुलाला शाळेपासूनच तोडणे होय.

एका श्रावणात गंगेचे पाणी घाटांच्या पायऱ्या गिळत वर चढत असताना, वरचे धरण फुटले असून रात्रीतून गंगा गोदौलियाच्या चौकापर्यंत येणार, असा मजकूर आणि सोबत घरे वाहून जात असल्याचे भीषण चलच्चित्र मुलांच्या मोबाइलवर येऊन थडकले. एका घरी तर धान्याचे डबे माडीवर चढवायलाही सुरुवात झाली होती. मी मुलांना समोर बसवले आणि ते चलच्चित्र पुन्हा एकदा, परंतु सावकाश, पाहण्यास सांगितले. एवढा वेळ घाबरून गप्प बसलेली एक मुलगी एकाएकी म्हणाली, “काका, या दुकानांच्या पाट्या बंगालीत आहेत!” मग केंद्रीय जल आयोगाचे त्या दिवसाचे आकडे त्याच मोबाइलवर शोधून काढण्याचे काम मी त्यांच्यावर सोपवले. वाराणसीत गंगेची इशारापातळी 70.262 मीटर, धोक्याची पातळी 71.262 मीटर, आणि 1978 सालच्या महापुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते, हा तपशील त्यांनी वहीत उतरवून घेतला. त्या दिवशीची पातळी इशाऱ्याच्याही खाली होती. पाणी तासाला किती सेंटिमीटर चढते आहे हे पाहून, याच वेगाने धोक्याची रेषा गाठायला किती तास लागतील, याचे त्रैराशिक मांडताना त्यांच्या चेहऱ्यावरील भय हळूहळू ओसरत गेले. ज्या समूहात ती अफवा आली होती, त्याच समूहात मुलांनी हे आकडे, ते कोठून घेतले याच्या उल्लेखासह, हिंदीत लिहून पाठवले. त्या संध्याकाळी संस्कृतचा पाठ राहून गेला, याची मला यत्किंचितही खंत नाही.

1883 साली याच शहरात एका मराठी घरात जन्मलेले आणि 1920 साली निघालेल्या ‘आज’ या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादन करणारे बाबूराव विष्णू पराडकर यांचे नाव मी मुलांना त्या वेळी मुद्दाम सांगितले. बातमी आणि वाचक यांच्यामध्ये तेव्हा संपादकाचे मेज होते. मोबाइलमध्ये ते मेज उरलेले नाही, आणि म्हणून संपादकाची जबाबदारी आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर येऊन पडली आहे, जिची तालीम त्याला कोणीही दिलेली नाही.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक होता. एका मुलाने मणिकर्णिका घाटावरील जळत्या चितांचे चित्रण करून त्याला गाणे जोडले आणि ते सर्वांसाठी प्रसृत केले. तेथे चित्रण करणे काशीत गैर मानतात, हे त्याला ठाऊक होते. त्यामुळे उपदेशाचा उपयोग नव्हता. मी त्याला मोबाइल घरी ठेवून माझ्यासोबत तेथे नेले. अग्नी देणारा पुरुष पाण्याचा घट खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता चालू लागतो, हे तेथे सोबत उभे असताना त्याने प्रथमच पाहिले, चित्रण मात्र त्याने तासभर केले होते! ते चित्रण त्याने त्याच रात्री, मी न सांगता, काढून टाकले.

मुलांना दोष देण्यापूर्वी हेही ध्यानात घेतले पाहिजे, की मोबाइलवर एकामागून एक आपोआप सुरू होणारी आणि बोट सरकवावे तितकी पुढे येतच राहणारी ही दृश्यमालिका थांबूच नये अशाच हेतूने रचलेली आहे. तिच्यापुढे प्रौढांचाही निग्रह टिकत नाही. यावर उपाय शोधणारे मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात आहे. तेथे 2022 साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याचा शिरस्ता सुरू झाला. ही हकीकत मी पालकांच्या बैठकीत सांगितली, तेव्हा सर्वांनी मुलांसाठी ती तत्काळ पसंत केली. परंतु त्या गावात थोरांचेही संच बंद होतात, हे सांगताच बैठकीत शांतता पसरली. बनारसी साड्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांची अडचण खरी होती, कारण ग्राहकांच्या मागण्या त्याच वेळी मोबाइलवर येतात. त्यांनी मोबाइल बंद ठेवण्यासाठी रात्री जेवणाची वेळ निवडली. काही घरांनी सातची वेळ धरली, काहींनी काहीच केले नाही, आणि कोणत्या घरी काय झाले हे मला दुसऱ्या दिवशी मुलांच्या बोलण्यातून न विचारता कळते.

ज्या वाचकांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मुलाचा मोबाइल मागण्यापूर्वी आपला कपाटात ठेवा, आणि त्याला आलेली एखादी बातमी त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच यंत्रावर, खरी की खोटी ते शोधून पाहा.